मुक्त संगीताला वाटाही मुक्त हव्यात

इंटरनेटवरून गाणी ऐकवणारे छोटेसे केंद्र महाराष्ट्रात कुणाला सुरू करायचे असेल, तर कॉपीराइटच्या कायद्याने त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत. एफएम केंद्राला 2012 च्या दुरुस्तीतले कलम 31-डी उपयोगी पडते. नोटीस द्यायची, ठरलेल्या दराने पैसे भरायचे आणि गाणे वाजवायचे. मालकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. हीच सवलत इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही एअरटेलची संगीतसेवा या खटल्यात 2019 मध्ये सांगितले आणि 2022 मध्ये खंडपीठाने तेच कायम केले. त्यामुळे इंटरनेटवर चित्रपटगीत किंवा भावगीत वाजवायचे तर ज्याची त्याची परवानगी, ज्याच्या त्याच्याशी करार. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला हे जमते. एखाद्या महाविद्यालयाला, तालुक्याच्या ग्रंथालयाला किंवा चार हौशी पोरांना जमत नाही.

दुसरी वाट मुक्त परवान्याच्या संगीताची. इथे रचणाऱ्याने आणि वाजवणाऱ्याने सगळ्यांना आधीच लेखी परवानगी देऊन ठेवलेली असते. तिकडे फारसे कुणी वळत नाही, कारण तिथे ऐकण्यासारखे काही नसणार, असा समज आहे. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राने 2009 मध्ये फ्री म्युझिक आर्काइव्ह सुरू केले. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी 2017 च्या सुमारास अभ्यासासाठी त्याची प्रत काढली, तेव्हा त्यात 16,341 कलावंतांची 1,06,574 गाणी निघाली. सलग ऐकायला 343 दिवस लागतील एवढी. हे झाले एका संकेतस्थळाचे. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयातला नेटलेबल विभाग (फक्त इंटरनेटवर अल्बम काढणाऱ्या छोट्या प्रकाशकांचा), लक्झेंबर्गचे जामेंडो, 2004 पासून चालू असलेले सीसीमिक्स्टर, विकिपीडियाचा माध्यमसंग्रह असलेले विकिमीडिया कॉमन्स आणि कलावंत थेट गाणी विकतात त्या बँडकॅम्पवर मुक्त परवान्याने ठेवलेले अल्बम यांची गणती वेगळीच. तुटवडा संगीताचा नाही, ते सापडण्याचा आहे. आणि सापडवून देणारी यंत्रणा एकाच मालकाच्या हाती असेल, तर परवाना कितीही मुक्त असला तरी गाणे लोकांपर्यंत पोचत नाही.

एकेकाळी लिनक्सवर रिदमबॉक्स, अमारोक, क्लेमेंटाइन असे प्लेअर उघडले की डाव्या बाजूला जामेंडो आणि मॅग्नाट्यून ही नावे दिसायची. टिचकी मारली की हजारो अल्बम. पण ती सोय प्लेअरची स्वतःची नव्हती, त्या संकेतस्थळांनी उघडून दिलेल्या दारावर ती उभी होती. दाराची जागा बदलली की प्लेअरमधला तो कप्पा रिकामा दिसू लागे, आणि पुढे बऱ्याच प्लेअरांनी तो काढूनच टाकला. फ्री म्युझिक आर्काइव्हने 2018 च्या नोव्हेंबरात पैशाअभावी बंद होत असल्याचे जाहीर केले. 2019 मध्ये ते नेदरलँड्समधल्या ट्राइब ऑफ नॉइजकडे गेले आणि वाचले. गाणी वाचली, पण बाहेरच्या प्रोग्रॅमांना त्यात शोध घेऊ देणारी जुनी सोय गेली, आणि तिच्यावर उभी असलेली अ‍ॅप्स आंधळी झाली. पैसे घेऊन चालणाऱ्या सेवांचे तरी काय वेगळे? रेसो हे संगीताचे अ‍ॅप भारतात 31 जानेवारी 2024 ला बंद झाले, त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळले. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या श्रोत्यांच्या हातून गेल्या.

याच्या उलट उदाहरण सबसॉनिकचे आहे. घरच्या संगणकावरची गाणी फोनवर ऐकवणारा हा प्रोग्रॅम 2016 मध्ये मुक्त राहिला नाही, त्याचा स्रोत (सोर्स कोड) बंद झाला. पण सर्व्हर आणि अ‍ॅप यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याची त्याची पद्धत तोवर सगळ्यांनी उचलली होती. म्हणून आज नेव्हिड्रोम, एअरसॉनिक, फंकव्हेल हे सर्व्हर आणि डझनभर अ‍ॅप्स तीच पद्धत बोलतात. एक बंद पडले तर दुसरे लावता येते, फोनवरचे अ‍ॅप बदलावे लागत नाही. मूळ मालकाने मन बदलले तरी वाट उरली, कारण ती अनेकांच्या हाती गेली होती.

आता परवान्यांकडे जरा नीट पाहिले पाहिजे, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे तयार परवाने 2002 च्या डिसेंबरात आले, सध्याची 4.0 आवृत्ती 2013 ची. सीसी झीरो म्हणजे सगळे हक्क सोडलेले. सीसी बाय म्हणजे नाव द्या आणि काहीही करा. बाय-एसए म्हणजे नाव द्या, बदल केलात तर तोही याच परवान्याने सोडा. ही तीन खऱ्या अर्थाने मुक्त, आणि सीसीपैकी विकिमीडिया कॉमन्स एवढीच स्वीकारते. एनसी लागले की व्यावसायिक वापर बंद, एनडी लागले की बदल बंद. जामेंडोवरचे बरेच संगीत या दोहोंपैकी एका तरी अटीत अडकलेले असते. नुसते ऐकायला त्याने काही बिघडत नाही. रेडिओ चालवणाऱ्याला मात्र बिघडते, कारण प्रायोजकाची एक जाहिरात वाजली की एनसीचे काय, याचे निःसंदिग्ध उत्तर कुणीच देत नाही. माझ्या मते सार्वजनिक केंद्राने एनसीच्या गाण्यांचे फोल्डरच वेगळे ठेवावे आणि जाहिरात असलेल्या तासात ते लावू नये.

एनडीबद्दल दोन बारकावे फार थोड्यांना ठाऊक असतात. फाइलचा प्रकार बदलणे, म्हणजे फ्लॅकची एमपी3 किंवा ओपस करणे, हा बदल धरला जात नाही, 4.0 च्या मजकुरात तसे स्पष्ट आहे. पण हलत्या चित्राबरोबर संगीत जुळवून लावले की तो नेहमीच बदल ठरतो, एक सूरही हलवला नसला तरी. म्हणून एनडीचे गाणे व्हिडिओला लावता येत नाही, आणि बाय-एसएचे लावले तर तो व्हिडिओ बाय-एसएनेच सोडावा लागतो. गणेश मंडळांच्या थेट प्रक्षेपणात चित्रपटगीत वाजले आणि आवाज बंद पडला, असे झाल्यावर ‘मुक्त संगीत’ शोधणाऱ्यांनी आधी एवढे वाचावे. तरीही हरकत येऊ शकते. काही कलावंत मुक्त परवान्याचे गाणे वितरकामार्फत यूट्यूबच्या स्वयंचलित ओळख-यंत्रणेतही नोंदवतात, आणि मग यंत्र परवाना पाहत नाही, आवाजाचा ठसा पाहते. अशा वेळी कलावंताचे मूळ पान, परवान्याचा दुवा आणि उतरवून घेतल्याची तारीख हाताशी असेल तर हरकत फेटाळण्यासाठी दाद मागता येते. म्हणून गाणे घेतानाच ते पान वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या सेवेत जतन करून ठेवायचे. परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, पण पान नाहीसे होऊ शकते, आणि पुरावा गेला की हक्क असून नसल्यासारखा.

मराठी कलावंतासाठी आपल्या कायद्यातली एक अडचण खास सांगायला हवी. ‘कुणीही वापरा, माझी हरकत नाही’ असे स्वतःच्या शब्दांत लिहिणे दिलदारपणाचे असले तरी लंगडे आहे. परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मजकुरात जगभर आणि कॉपीराइट असेपर्यंत, असे दोन्ही लिहिलेले आहे. म्हणून आपले वाक्य जुळवत बसण्यापेक्षा तयार परवान्याचे नाव, आवृत्ती आणि दुवा द्यावा. आणखी एक. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेचे सभासदत्व घेताना रचनेचे काही हक्क संस्थेकडे सोपवले जातात. जे आपल्याकडे उरले नाही त्याचा मुक्त परवाना देता येत नाही. सभासद असाल तर आधी करार वाचा.

गाण्यात हक्कांचे थरही असतात, आणि आपल्याकडच्या जतनकर्त्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. तुकोबांचा अभंग कुणाच्याही मालकीचा नाही. त्याला विसाव्या शतकातल्या संगीतकाराने लावलेली चाल मात्र त्याच्या निधनानंतर 60 वर्षे संरक्षित. त्या चालीचे ध्वनिमुद्रण तिसरे; ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे. त्यामुळे 1935 ची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून भारतात केव्हाच मोकळी झाली असली, तरी तिच्यावरच्या पदाचा कर्ता 1970 साली गेला असेल तर शब्दांवरचा हक्क 2030 संपेपर्यंत उभा आहे. शिवाय अमेरिकेत जुन्या ध्वनिमुद्रणांचा हिशोब निराळा आणि बराच लांब आहे, आणि आपण जिथे फाइल चढवतो ते सर्व्हर बहुधा तिथलेच असतात.

इंटरनेट आर्काइव्हवर मराठी गाणी शोधली तर ढीग मिळतो, आणि त्यातल्या कितीतरी नोंदींवर ‘सार्वजनिक मालकी’ अशी खूण असते. त्या खुणेवर विसंबू नये. परवाना चढवणारा स्वतः निवडतो, तपासणारे कुणी नसते. दुसऱ्याच्या कॅसेटवरून उतरवलेले चित्रपटगीत असे सर्रास ‘मुक्त’ होऊन बसते. तपासायची पद्धत साधी आहे. चढवणारा आणि गाणारा एकच आहे का, ते पाहायचे. मग फाइल म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या प्रोग्रॅममध्ये ओढून ठसा काढायचा. अ‍ॅकॉस्टआयडी हा ठसा जगभरच्या नोंदींशी ताडते, आणि एखाद्या कंपनीचा अल्बम पुढे आला तर ती फाइल बाजूला. ठसा जुळला नाही म्हणजे गाणे निर्दोष असे नव्हे, कारण मराठीतले फारच थोडे तिथे नोंदलेले आहे. तो फक्त पहिला चाळणीचा हात. इंटरनेट आर्काइव्हच्या प्रगत शोधात ध्वनी हा प्रकार आणि परवाना-दुव्याच्या रकान्यात क्रिएटिव्ह कॉमन्स असे दोन्ही घातले की ढीग बराच आटोक्यात येतो.

पिकार्डचा दुसरा उपयोग टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, भरण्याचा. शीर्षक, कलावंत, अल्बम, अल्बमचा कलावंत, वर्ष, परवाना. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. पुढे हजार फाइली एका फोल्डरात आल्या की कोणती एनसी आणि कोणती नाही हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग सगळा संग्रह संशयित ठरतो. परवान्याचा पूर्ण दुवा फाइलच्या आतच लिहावा, वेगळ्या तक्त्यात नव्हे, तक्ता हरवतो. ‘अल्बमचा कलावंत’ रिकामा राहिला तर सात गायकांचा एक अल्बम सर्व्हरवर सात तुकड्यांत दिसतो. नेव्हिड्रोमबद्दलच्या निम्म्या तक्रारी याच एका रकान्यामुळे येत असाव्यात.

देवनागरीचे दुखणे वेगळे. एमपी3 चा जुना टॅग, म्हणजे आयडी3 ची पहिली आवृत्ती, शीर्षकाला किंवा नावाला फक्त 30 बाइट देणारा आणि देवनागरी न समजणारा. तो काढून टाकून 2.3 किंवा 2.4 आवृत्तीचाच ठेवावा. फ्लॅक, ऑग आणि ओपसमध्ये हा प्रश्न येत नाही, तिथले टॅग मुळातच युनिकोड. फाइलच्या नावाला लिनक्सवर 255 बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते, म्हणजे जेमतेम 85 चिन्हे. ‘गायक, अल्बम, क्रमांक, पूर्ण पहिली ओळ’ असे लांबलचक नाव दिले की नक्कल करताना मध्येच चूक येते आणि ती चूक कशाची, ते कळत नाही. नाव आखूड ठेवा, बाकी सगळे टॅगमध्ये.

जमवलेली गाणी ऐकवायला सर्व्हर कोणता? ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला माझी पहिली शिफारस नेव्हिड्रोमची. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचे आहे, हलके आहे, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालते आणि 4533 या पोर्टवर उघडते. चार मिनिटांचे फ्लॅक गाणे साधारण 25 एमबीचे, म्हणजे हजार गाणी 25 जीबी. गाणी मेमरी कार्डावर ठेवू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड मरते. यूएसबीने जोडलेली एसएसडी लावा आणि गाण्यांचे फोल्डर सर्व्हरला फक्त वाचण्यापुरते द्या. जाळे मंद असेल तर नेव्हिड्रोम एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने वाटेतच फाइल बारीक करून पाठवते. ऐकायला फोनवर एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारातून अल्ट्रासॉनिक किंवा टेंपो, संगणकावर स्ट्रॉबेरी किंवा फीशिन.

फंकव्हेल वेगळ्या कामाचे आहे. तेही मुक्त, पण अंगाने जड. पोस्टग्रेस आणि रेडिस हे माहिती साठवणारे प्रोग्रॅम सोबत लागतात. त्याचे वैशिष्ट्य असे की एका ठिकाणचा सर्व्हर दुसऱ्या ठिकाणच्या संग्रहाचा पाठपुरावा करू शकतो, मास्टोडॉन या मुक्त समाजमाध्यमासारखाच, सर्व्हरांना जोडणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीपबने. कोल्हापूरच्या केंद्राने नवीन ध्वनिमुद्रण चढवले की नागपूरच्या केंद्रावर ते आपोआप दिसावे, एक केंद्र बंद पडले तरी बाकीची चालू राहावीत, हे त्याने साधते. धोकाही इथेच आहे. सभासदाने विकत घेतलेली सीडी आपल्या खासगी संग्रहात चढवली आणि चुकून ‘सार्वजनिक’ निवडले, की संस्था अनधिकृत प्रसारणाची धनी होते. म्हणून सार्वजनिक संग्रहात भर घालण्याचा अधिकार दोन-तीन नेमलेल्या माणसांकडेच असावा.

सतत वाजणारा रेडिओ हवा असेल तर आइसकास्ट आणि लिक्विडसोप ही जोडी. लिक्विडसोप गाणी निवडते, जोडते, आवाजाची पातळी सारखी करते. आइसकास्ट तो प्रवाह श्रोत्यांपर्यंत पोचवते. दिवसभर पुनरावृत्ती नको असेल तर चार मिनिटांच्या हिशोबाने 360 गाणी लागतात. हजार जमली तर पावणेतीन दिवस निघतात, सुरुवातीला तेवढे पुरे. पातळीसाठी आरएसगेन हा छोटा प्रोग्रॅम सगळ्या फाइलींवर एकदा चालवावा, नाहीतर एकतारीनंतर इलेक्ट्रॉनिक गाणे आले की ऐकणारा दचकतो.

बिघडते काय? लिक्विडसोपला आपली यादी कधीही रिकामी पडू शकते असे वाटले तर ते सुरू व्हायलाच नकार देते. शेवटचा आधार म्हणून संगणकातच असलेली एक फाइल जोडून दिली की तक्रार मिटते. घरच्या ब्रॉडबँडवरून प्रसारण बहुधा होत नाही, कारण पुष्कळ कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणी पोचतच नाही. त्यासाठी भाड्याचा छोटा सर्व्हर घ्यावा. 128 केबीपीएसच्या प्रवाहाला एका श्रोत्यामागे ताशी 57.6 एमबी लागतात. चोवीस तास सरासरी दहा श्रोते धरले तर महिन्याला सुमारे 415 जीबी. ही आकडेमोड करून मगच योजना निवडा. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर आणि प्रवाह साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर गुपचूप तो अडवतो, प्ले दाबले तरी शांतता. आइसकास्टपुढे एन्जिनएक्स किंवा कॅडी हा वेब सर्व्हर उभा करणे हा एक उपाय. जुने आयफोन ऑग वाजवत नाहीत, म्हणून ओपसच्या जोडीला एमपी3 चा प्रवाहही ठेवावा. आणि त्या एमपी3 प्रवाहात मराठी नावांऐवजी चित्रविचित्र अक्षरे दिसली तर घाबरू नये. आइसकास्ट अशा प्रवाहाची अक्षरे लॅटिन आहेत असे गृहीत धरते. त्या प्रवाहाच्या जोडणीत अक्षरसंच यूटीएफ-8 लिहिला की नावे सरळ होतात. नाव नीट दिसणे ही हौस नाही. सीसी बायची अटच ती आहे, त्यामुळे चालू गाण्याबरोबर कलावंताचे नाव आणि वाजून गेलेल्यांची परवान्यासह यादी पानावर ठेवणे भाग आहे. चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर 4.0 परवाना पुन्हा लागू होतो, एवढी सवलत आहे.

एवढे सगळे उभारले तरी मूळ प्रश्न उरतोच: ऐकणाऱ्याला नवे गाणे सुचवणार कोण? म्युझिकब्रेन्झ हा संगीताच्या नोंदींचा खुला कोश चालवणाऱ्या मेटाब्रेन्झ या ना-नफा संस्थेचे लिसनब्रेन्झ आहे. तुम्ही काय ऐकता याची नोंद तिथे जाते, ती उघडी असते, कुणालाही उतरवून घेता येते आणि त्यावर शिफारशी तयार होतात. नेव्हिड्रोममध्ये लिसनब्रेन्झने दिलेली आपली खूण (टोकन) टाकली की नोंद आपोआप जाते, अँड्रॉइडवर पॅनो स्क्रॉबलर तेच करते. उघडे, मुक्त, उत्तम. पण अशी शिफारस ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकले’ या तत्त्वावर चालते, आणि जे अजून कुणीच ऐकले नाही ते तिला दिसत नाही. कोकणातल्या एखाद्या जाखडी मंडळाचे मुक्त ध्वनिमुद्रण या गणितात कधीच वर येणार नाही. सॉफ्टवेअर मुक्त असल्याने हा दोष जात नाही. तिथे निवड करणारे माणूसच लागते, ज्याला लोक नावाने ओळखतात आणि ज्याची आवड चुकली तर त्याच्याशी भांडता येते. एकेकाळी आकाशवाणीच्या केंद्रांवर अशी माणसे होती. आपल्याकडच्या सामुदायिक रेडिओ केंद्रांवर, म्हसवडच्या माणदेशीपासून पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीपर्यंत, आजही आहेत. त्यांच्या निवडीची यादी फक्त हवेत विरू न देता म्युझिकब्रेन्झच्या नोंदींना जोडून उघडी ठेवली तर ती दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर तशीच वाजवता येईल. म्युझिकब्रेन्झची मूळ माहिती सीसी झीरो आहे. कुणी ती बंद करू म्हटले तरी प्रत आपल्याकडे राहते.

कलावंताच्या पोटाचे काय, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. ज्यांचे घर चित्रपटाच्या रॉयल्टीवर चालते त्यांनी आपली गाणी मुक्त करावीत, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पण छोट्या कलावंताला बंद वाटेने तरी काय मिळते? स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. खेड्यातल्या शाहिराचे ध्वनिमुद्रण तिथे पडून राहते आणि कमावतही नाही. त्याची कमाई कार्यक्रमाच्या सुपारीत आहे, आणि सुपारी नाव पोचले तर येते. सीसी बाय त्याचे नाव पोचवते, आणि बँडकॅम्पवर तेच गाणे पैसे घेऊन विकायला परवान्याची आडकाठी नाही.

सगळेच सीसी बाय असावे, असेही नाही. जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी बायकांकडून जमवलेल्या लाखभर ओव्या, आणि त्यांतल्या हजारोंची बर्नार्ड बेल यांच्यासोबत झालेली ध्वनिमुद्रणे, आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. मराठीत मुक्तपणे ऐकता येणारा एवढा मोठा आणि इतक्या मोलाचा संग्रह दुसरा नसेल. परवाना मात्र एनसी आणि एनडी दोन्ही अटींचा. संगणकावर ताल घालून त्याचे नवे गाणे करता येत नाही, व्हिडिओला लावता येत नाही. मुक्त संस्कृतीचे कडवे पुरस्कर्ते यावर नाक मुरडतील. मला ही अट पटते. ओवी गाणाऱ्या बाईने जात्यापाशी बसून आपले दुःख सांगितले, ते साबणाच्या जाहिरातीत वाजण्यासाठी नव्हे. ती आज विचारायला हयात नसेल तर संग्रहाने तिच्या वतीने हात आखडता घेणे योग्यच. जाहिरातीविना, ओवी जशी आहे तशी आणि तिचे नाव घेऊन रेडिओवर वाजवायला यात काहीच आड येत नाही. आणि तेही अजून फारसे कुणी करत नाही.

जिथे माणसे हयात आहेत आणि पैसा सार्वजनिक आहे तिथे मात्र संकोचाचे कारण नाही. विद्यापीठांचे युवक महोत्सव दरवर्षी होतात. त्यात पोवाडा, भारूड, लोकवाद्यवृंद, विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली समूहगीते सादर होतात. खर्च विद्यापीठाचा, म्हणजे शेवटी लोकांचा. ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मोबाइलवर होते आणि फोन बदलला की जाते. प्रवेशअर्जात चार रकाने वाढवले तर हे बदलेल. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गाणारे-वाजवणारे कोण, आणि हे ध्वनिमुद्रण कोणत्या परवान्याने सोडायचे. शेवटच्या रकान्यात सीसी बाय, बाय-एसए आणि ‘सोडू नये’ असे तीन पर्याय हवेत, त्यातला कोणताही आधीच भरलेला नको, आणि सही संघनायकाची एकट्याची चालणार नाही, प्रत्येकाची हवी. कारण सादरकर्त्याचा हक्क कायद्याने ज्याचा त्याचा आहे. शब्द किंवा चाल दुसऱ्याची निघाली तर ते ध्वनिमुद्रण संग्रहात ठेवावे, प्रसारणात घेऊ नये. बाकीचे फ्लॅकमध्ये, टॅग भरून, विद्यापीठाच्या फंकव्हेलवर. आणि एक प्रत इंटरनेट आर्काइव्हला, म्हणजे विद्यापीठाचा सर्व्हर पुढच्या निविदेत बदलला तरी गाणी जागच्या जागी राहतील.